उपचार संपले, आता वजन उचलायचे का? स्तनाच्या कर्करोगानंतरच्या जोरकस व्यायामाविषयी

जून २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेत शिकागो येथे कर्करोगतज्ज्ञांची वार्षिक परिषद सुरू असताना एका चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले आणि व्यायामामुळे कर्करोग परत येण्याचा धोका घटतो, अशा आशयाच्या बातम्या जगभर पसरल्या. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी पूर्ण झालेल्या ८८९ रुग्णांची या चाचणीत दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाला केवळ आरोग्यविषयक माहितीपुस्तिका दिली गेली, तर दुसऱ्या गटाकडून प्रशिक्षकाच्या मदतीने तीन वर्षे नियमित व्यायाम करून घेतला गेला. पाच वर्षांनंतर व्यायाम करणाऱ्यांपैकी ८०.३ टक्के रुग्ण रोगमुक्त होते, पुस्तिका मिळालेल्यांपैकी ७३.९ टक्के. आठ वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९०.३ आणि ८३.२ टक्के होते.

स्तनाच्या कर्करोगातून बाहेर पडलेली स्त्री ही बातमी वाचते तेव्हा ती पेचात पडते. एकीकडे व्यायामाचे इतके कौतुक होत असते, आणि दुसरीकडे घरी, शेजारी, कित्येकदा दवाखान्यातही तिने ऐकलेले असते की ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताने जड काही उचलायचे नाही, दगदग करायची नाही, जमेल तेवढे चालले तरी पुष्कळ झाले. भारतात २०२२ साली सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना या आजाराचे निदान झाले. त्यांतील कितीतरी जणी चाळिशी-पन्नाशीच्या, नोकरी, शेती आणि घर सांभाळणाऱ्या आहेत, आणि आजारापूर्वी धावणाऱ्या, पोहणाऱ्या, गड चढणाऱ्याही आहेत. पुन्हा जोर लावायचा की नाही, हा त्यांच्या पुढच्या वीस-तीस वर्षांचा प्रश्न आहे. आतड्याच्या कर्करोगाचे आकडे जसेच्या तसे स्तनाच्या कर्करोगाला लावता येत नाहीत. मात्र स्तनाच्या कर्करोगानंतर जोरकस व्यायाम सुरक्षित आहे का, या प्रश्नाचा वेगळा अभ्यास गेली तीस वर्षे चालू आहे, आणि त्याचे उत्तर जुन्या सल्ल्यापेक्षा बरेच वेगळे आले आहे.

जोरकस म्हणजे किती?

व्यायामाची तीव्रता घरच्या घरी ओळखायची सोपी खूण म्हणजे बोलणे. चालताना किंवा सायकल चालवताना दम थोडा वाढला आहे, पण पूर्ण वाक्ये बोलता येतात आणि गाणे मात्र म्हणता येत नाही, तो मध्यम व्यायाम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावे लागते, तो जोरकस. धावणे, वेगाने पोहणे, चढ चढणे हे बहुतेकांसाठी दुसऱ्या प्रकारात मोडते. वजनांच्या व्यायामात खूण वेगळी आहे: एखादे वजन आठ ते पंधरा वेळा उचलल्यावर पुढची एक-दोन आवर्तने कष्टाची वाटत असतील, तर ते वजन त्या व्यक्तीसाठी पुरेसे जड आहे.

ही मापे प्रत्येकीच्या सध्याच्या ताकदीवर ठरतात, हे ध्यानात ठेवणे फार गरजेचे आहे. केमोथेरपीनंतरच्या महिन्यात दोन जिने चढणे हाच जोरकस व्यायाम ठरू शकतो. आजारापूर्वी आपण काय करत होतो, हे माप त्या दिवसांत उपयोगाचे नसते.

हात का सुजतो?

जोरकस व्यायामाला होणाऱ्या विरोधाचे मूळ हाताच्या सुजेत आहे, म्हणून ती आधी समजून घेऊ. शरीराच्या पेशींभोवती साठणारे पाणी, प्रथिने आणि टाकाऊ द्रव्ये रक्तवाहिन्यांखेरीज दुसऱ्या एका बारीक नळ्यांच्या जाळ्यातून वाहून नेली जातात. या द्रवाला लसिका म्हणतात, आणि तो ज्या गाठींमधून गाळला जातो त्यांना लसिका ग्रंथी. प्रत्येक काखेत अशा साधारण वीस ते चाळीस ग्रंथी असतात. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी बहुधा प्रथम येथेच पोहोचतात, त्यामुळे शस्त्रक्रियेत यांपैकी काही किंवा बहुतेक ग्रंथी काढल्या जातात, आणि कधी त्या जागी रेडिएशनही दिले जाते, ज्याला अनेक जण 'लाइट' किंवा 'शेक' म्हणतात.

काळ्या जमिनीच्या शेतातले पाणी बाहेर काढण्यासाठी खणलेल्या चरांपैकी काही चर बुजवले, तर काय होईल? रिमझिम पावसाचे पाणी उरलेल्या चरांतून निघून जाईल, पण एकाएकी मुसळधार पाऊस कोसळला, तर शेतात पाणी साचेल. हाताचेही तसेच आहे. उरलेल्या लसिकावाहिन्या रोजचा भार बहुधा पेलतात. जखम चिघळून जंतुसंसर्ग झाला, हात भाजला किंवा सवय नसताना अचानक खूप ताण पडला, तर तेथे येणारा द्रव वाहून नेण्याच्या क्षमतेपेक्षा जास्त होतो आणि हात, बोटे किंवा छातीची बाजू सुजते. या दीर्घकाळ टिकणाऱ्या सुजेला लिम्फेडेमा म्हणतात. काखेतील बहुतेक ग्रंथी काढलेल्या साधारण दर पाच स्त्रियांपैकी एकीला ही सूज येते. स्तनातील लसिका सर्वांत आधी ज्या एक-दोन ग्रंथींत पोहोचते तेवढ्याच काढून तपासल्या असतील, तर हे प्रमाण शंभरात सुमारे सहा इतके खाली येते. वजन फार जास्त असणे हेही सुजेचा धोका वाढवणारे एक कारण आहे.

येथे एक बाब अनेकदा सुटून जाते. लसिकेला पुढे ढकलण्यासाठी हृदयासारखा मध्यवर्ती पंप नसतो. वाहिन्यांचे स्वतःचे आकुंचन, त्यांतील एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा आणि भोवतालच्या स्नायूंची हालचाल यांवर ती वाहते. स्नायू आवळले आणि सैल पडले की लसिका पुढे सरकते. म्हणजे हात हलवला नाही, तर हा प्रवाह मंदावतो.

'जड उचलू नका' हा सल्ला आला कोठून?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील शल्यचिकित्सक विल्यम हॉलस्टेड यांनी रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथीही काढल्या जात. ती पद्धत १९७० च्या दशकापर्यंत प्रचलित होती. इतक्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर हात सुजण्याचे प्रमाण मोठे असणे स्वाभाविक होते, आणि अशा हाताला ताण देऊ नये, असा सल्लाही त्या काळात समंजसपणाचाच वाटला असणार. पुढे शस्त्रक्रिया लहान झाली, ग्रंथी कमी काढल्या जाऊ लागल्या, सल्ला मात्र तसाच राहिला. तो कोणी तपासूनही पाहिला नव्हता.

कॅनडात व्हँकुव्हर येथील क्रीडावैद्यक तज्ज्ञ डॉन मॅकेन्झी यांनी १९९६ साली तो तपासायला घेतला. स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेतलेल्या २४ स्त्रियांचा त्यांनी एक संघ उभारला आणि त्यांना ड्रॅगन बोट वल्हवायला शिकवले. ही वीस वल्हेकऱ्यांची लांब, अरुंद चिनी पद्धतीची होडी असते, आणि तिच्यात खांदे, दंड व पाठ यांना सलग, जोराचे काम करावे लागते. हातांनी जे करू नये असे सांगितले जात होते, तेच करून पाहण्यासाठी हा खेळ निवडला होता. आधी व्यायामशाळेत तयारी, मग पाण्यात सराव आणि मग शर्यत, असा क्रम त्यांनी ठेवला. हंगामाच्या शेवटी एकीलाही नव्याने लिम्फेडेमा झालेला नव्हता. हा गट लहान होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे एवढ्यावरून शास्त्रीय निष्कर्ष काढणे योग्य झाले नसते. त्या २४ जणींचे धाडस मला तरीही फार मोठे वाटते, कारण त्यांच्या हातात तोवर फक्त एक शंका होती. आज स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रियांचे असे संघ अनेक देशांत आहेत आणि त्यांचे आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतात.

पक्का पुरावा त्यानंतर तेरा वर्षांनी आला. अमेरिकेतील कॅथरिन श्मिट्झ यांच्या गटाने ज्यांचा हात आधीच सुजलेला होता अशा १४१ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली आणि एका गटाला वर्षभर आठवड्यातून दोनदा वजनांचा व्यायाम दिला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार व्यायामामुळे सूज वाढली नाही. उलट, सूज एकाएकी बळावण्याचा त्रास व्यायाम करणाऱ्यांपैकी १४ टक्के स्त्रियांना झाला आणि न करणाऱ्यांपैकी २९ टक्के स्त्रियांना. पुढच्या वर्षी त्यांनी हात न सुजलेल्या, पण धोका असलेल्या १५४ स्त्रियांचे निष्कर्ष मांडले. नव्याने सूज येण्याचे प्रमाण व्यायामाच्या गटात ११ टक्के आणि दुसऱ्या गटात १७ टक्के होते. पाच किंवा अधिक ग्रंथी काढलेल्यांत तर ते ७ आणि २२ टक्के असे निघाले. सूज टाळण्याचा हमखास उपाय म्हणून व्यायामाकडे पाहण्याइतका हा पुरावा मोठा नाही, मात्र वजन उचलल्याने हात सुजतोच, या समजुतीला त्यातून काहीही आधार मिळत नाही.

मग हात जपायचा की नाही?

जपायचा, आणि त्याचा सर्वांत चांगला मार्ग त्याला ताकद देणे हाच आहे. ज्या स्त्रीला दोन किलोंपेक्षा जास्त उचलू नका असे सांगून घरी पाठवले जाते, तिच्या घरात काय काय असते ते पाहा. पंधरा लिटरचा हंडा भरला, तर नुसत्या पाण्याचेच वजन पंधरा किलो होते. भरलेल्या घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि टाकीचे वजन जवळपास तेवढेच वेगळे. कडेवर घ्यायचे नातवंड दहा-बारा किलोंचे असते. ओल्या चादरी पिळणे, कणीक मळणे, धान्याचे पोते सरकवणे, एसटीत पिशवी वर ठेवणे, यांतले काहीच फार काळ टळत नाही. म्हणजे सल्ला कागदावर राहतो, हात दुबळा होत जातो आणि एके दिवशी तयारी नसलेल्या त्याच हातावर पंधरा किलो येऊन पडतात.

समजा, एखादीची कमाल ताकद वीस किलो उचलण्याची आहे. तिच्यासाठी पंधरा किलोंचा हंडा म्हणजे क्षमतेच्या पाऊण हिस्सा. हळूहळू सराव करून तीच ताकद तीस किलोंवर नेली, तर तो हंडा क्षमतेच्या निम्म्यावर येतो. श्मिट्झ यांच्या गटाचा विचार हाच होता.

घरकाम हाच व्यायाम नव्हे का, असे बऱ्याच जणी विचारतात. घरकामात कष्ट निश्चित आहेत आणि त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. त्यात भार मात्र आपल्या सोयीने वाढवता येत नाही, दोन्ही हातांना सारखा मिळत नाही, आणि अंग सावरायला मधले दिवसही मिळत नाहीत. व्यायामात नेमक्या याच तीन गोष्टी आपल्या हाती असतात.

हृदय हा ताण सोसेल का?

हा प्रश्न हाताच्या सुजेपेक्षा अधिक गंभीर आहे आणि त्याला गृहीत धरू नये. स्तनाच्या कर्करोगासाठी दिले जाणारे डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे औषध, तसेच त्याच वर्गातील इतर औषधे हृदयाच्या स्नायूंना इजा करू शकतात, आणि ही इजा एकूण मात्रेबरोबर वाढते. काही प्रकारच्या स्तनकर्करोगात साधारण वर्षभर दिले जाणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध हृदयाची रक्त पुढे फेकण्याची ताकद कमी करू शकते. ती घट बहुधा औषध थांबवल्यावर भरून येते, आणि ती वेळेत कळावी म्हणूनच उपचारांदरम्यान साधारण दर तीन महिन्यांनी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला जातो. डाव्या बाजूच्या रेडिएशनचा काही अंश हृदयापर्यंत पोहोचू शकतो, आणि त्याचे परिणाम कधी कधी अनेक वर्षांनी दिसतात.

यावरून हृदयाला विश्रांती द्यावी असा निष्कर्ष काढला जातो, तो बरोबर नाही. अमेरिकेतील एका अभ्यासात स्तनाच्या कर्करोगाच्या विविध टप्प्यांवरील २४८ स्त्रियांची श्रमक्षमता मोजली गेली. जोरात व्यायाम करताना शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हे त्यात पाहिले जाते. निरोगी, पण व्यायाम न करणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत ती सरासरी २७ टक्क्यांनी कमी भरली. ही घट औषधांमुळे होते तशीच महिनोन्महिने झोपून-बसून राहिल्यामुळेही होते, आणि ती भरून काढण्यासाठी नियमित व्यायामाइतका परिणामकारक उपाय नाही.

म्हणून जोरकस व्यायामाला हात घालण्यापूर्वी आपल्याला कोणती औषधे दिली गेली आणि शेवटचा इको केव्हा झाला, हे फाइलमध्ये पाहावे. इकोत दोष असेल, आधीपासून रक्तदाब किंवा मधुमेह असेल, छातीत दुखत असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच पुढे जावे. दोष नसेल, तर मध्यम व्यायामाने सुरुवात करायला सहसा अडचण नसते, आणि जोर टप्प्याटप्प्याने वाढवता येतो.

अंगात त्राण नसताना व्यायाम कसा करायचा?

कर्करोगाच्या उपचारांनंतरचा थकवा कामाने येणाऱ्या थकव्यापेक्षा वेगळा असतो. रात्रभर झोपूनही तो जात नाही, आणि घरच्यांना तो दिसत नसल्याने बाईला आळशी समजले जाते, याचे मला फार वाईट वाटते. या थकव्यावरील ११३ अभ्यासांचा आणि त्यांतील ११ हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात व्यायाम आणि मानसोपचार हे दोन्ही उपाय औषधांपेक्षा सरस ठरले. थकवा असताना व्यायामाचा वेळ निम्मा करावा, जोर कमी करावा, पण दिवस चुकवू नये, हे धोरण बहुतेकींना मानवते. तरीही आधी रक्त तपासून घ्यावे. हिमोग्लोबिन खूप घसरले असेल किंवा थायरॉइडचा दोष असेल, तर तो आधी दुरुस्त करावा लागतो.

हाडे, सांधे आणि तळपाय

कर्करोग परत येऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल यांसारख्या रोज घ्यायच्या गोळ्यांनी सांधे आखडतात आणि हाडांची घनता कमी होते. सांधेदुखीमुळे अनेक जणी गोळ्या सोडून देतात, आणि तेथेच खरा धोका आहे. वजनांचा आणि चालण्याचा नियमित व्यायाम ही सांधेदुखी कमी करतो, असे चाचणीत दिसले आहे. हाडे किती ठिसूळ झाली आहेत हे डेक्सा स्कॅनमध्ये कळते, आणि उड्या मारणे किंवा फार जड वजन घेऊन पुढे वाकणे हे व्यायाम त्या अहवालानंतरच ठरवावेत. पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेल या औषधांनी तळपायाला मुंग्या किंवा बधिरपणा आला असेल, तर धावण्याऐवजी जागेवरच्या सायकलने सुरुवात करणे सुरक्षित, कारण पाय कोठे पडला हे नीट न कळल्यामुळे पडण्याचा धोका असतो.

व्यायामाने आजार उलटेल, ही भीती

रक्ताभिसरण वाढले की कर्करोगाच्या पेशी पसरतील, असे पुष्कळांना वाटते. असे घडते याचा पुरावा नाही. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासात स्तनाचा कर्करोग झालेल्या २,९८७ स्त्रियांचा मागोवा घेतला गेला. आठवड्याला तीन ते पाच तास चालण्याइतका व्यायाम करणाऱ्या स्त्रियांमध्ये या आजाराने मृत्यू येण्याचे प्रमाण फार कमी हालचाल करणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. हा निरीक्षणाचा अभ्यास होता. ज्यांची प्रकृती मुळात बरी त्याच अधिक चालतात, हे कारणही त्यामागे असू शकते, म्हणून व्यायाम म्हणजे कर्करोगावरचे औषध असा दावा येथे मी करणार नाही, आणि गोळ्या किंवा तपासण्या यांच्या जागी व्यायाम कधीच येऊ शकत नाही.

सुरुवात केव्हा आणि वाढ कशी?

शस्त्रक्रियेनंतर खांद्याच्या हलक्या हालचाली फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यानुसार पहिल्या काही दिवसांतच सुरू होतात. जड वजन साधारण चार ते सहा आठवडे टाळायचे असते. पोटाचा किंवा पाठीचा भाग वापरून स्तनाची पुनर्रचना केली असेल, तर अधिक काळ, आणि तो शल्यचिकित्सकच ठरवतात. केमोथेरपी किंवा रेडिएशन चालू असताना व्यायाम पूर्ण बंद ठेवण्याचे कारण नाही. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली उपचार चालू असतानाही चालण्यासारखा आणि स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सुचवावा, अशी शिफारस केली आहे.

वजने हाती घेण्यापूर्वी खांदा तपासावा. हात कानाला लागेपर्यंत सरळ वर जातो का? काखेतून दंडाकडे ताणलेली दोरीसारखी शीर जाणवते का? हात पुढे रेटताना खांद्यामागचे चपटे हाड पंखासारखे बाहेर येते का? यांपैकी काही असेल, तर आधी फिजिओथेरपी घ्यावी. अपुऱ्या हालचालीच्या खांद्यावर वजन घेतले, तर इजा होऊ शकते, आणि मग दोष मात्र व्यायामाला दिला जातो.

श्मिट्झ यांच्या चाचणीतील पद्धत आजही मला सर्वांत शहाणपणाची वाटते. आठवड्यातून दोन दिवस, मधे विश्रांती ठेवून, पहिले तीन महिने जाणकार प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम करायचा. सुरुवात अगदी थोड्या किंवा शून्य वजनाने. पाण्याने भरलेली अर्धा लिटरची बाटली हे अर्ध्या किलोचे चांगले वजन आहे. लागोपाठ दोन खेपांत हातात जडपणा, घट्टपणा किंवा सूज जाणवली नाही, तरच उपलब्ध असलेल्या सर्वांत लहान टप्प्याने वजन वाढवायचे. आजारपणामुळे किंवा प्रवासामुळे खंड पडला, तर परतताना एक पायरी खाली उतरायचे. वरची मर्यादा त्यांनी ठेवलीच नव्हती. ज्यांचा हात आधीच सुजलेला होता त्यांनी व्यायामाच्या वेळी दाब देणारी, मापाची बाही घातली होती, आणि अशा स्त्रियांनी आजही तसेच करावे.

ज्यांना सूर्यनमस्कारांकडे परतायचे आहे त्यांनी तळहातांवर अंगाचा भार येणाऱ्या स्थिती आधी भिंतीला टेकून, मग टेबलाच्या आधाराने आणि शेवटी जमिनीवर कराव्यात. दमाच्या व्यायामात दहा मिनिटांच्या चालण्यापासून अर्ध्या तासापर्यंत पोहोचावे, मग दोन मिनिटे भराभर आणि दोन मिनिटे सावकाश असे चालावे, आणि नंतर चढाची भर घालावी. सिंहगडासारखा चढ गाठायचा असेल, तर आधी पाठीवर पिशवी न घेता, पहाटेच्या गारव्यात आणि अर्ध्या वाटेवरून परतायच्या तयारीने जावे. पिशवी घ्यायची वेळ येईल तेव्हा कमरेला पट्टा असलेली घ्यावी, म्हणजे शस्त्रक्रियेच्या बाजूचा खांदा दबत नाही. रेडिएशन घेतलेल्या त्वचेला ऊन लागू देऊ नये, आणि ती पूर्ण बरी होईपर्यंत जलतरण तलावातील क्लोरीनच्या पाण्यात उतरू नये.

कर्करोगातून बाहेर आलेल्यांसाठी क्रीडावैद्यक तज्ज्ञांनी २०१९ साली सांगितलेले प्रमाण आठवड्यातून तीनदा अर्धा तास मध्यम दमाचा व्यायाम आणि दोनदा वजनांचा व्यायाम एवढेच आहे. थकवा, मरगळ आणि कमी झालेली श्रमक्षमता यांवर तेवढ्यानेही फरक पडतो. त्यापलीकडचा जोर हा प्रत्येकीच्या इच्छेचा भाग आहे, सक्तीचा नाही. व्यायामाचा उत्साह वाढला की दुखापतीही होतात, हेही खरे. आरंभी उल्लेख केलेल्या आतड्याच्या कर्करोगाच्या चाचणीत स्नायू व सांध्यांच्या तक्रारी व्यायामाच्या गटात १८.५ टक्के आणि दुसऱ्या गटात ११.५ टक्के होत्या.

कोणत्या खुणा दिसल्या तर थांबायचे?

छातीत दुखणे, अवेळी धाप, धडधड किंवा चक्कर आली, तर व्यायाम तेथेच थांबवून डॉक्टरांकडे जावे. कर्करोग परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेन ही गोळी घेणाऱ्यांना रक्ताच्या गुठळीचा धोका थोडा वाढलेला असतो, त्यामुळे एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर ती व्यायामाची कळ समजू नये. हात लाल, गरम झाला आणि ताप आला, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो, आणि त्याच दिवशी औषध सुरू व्हायला हवे. पाठीत किंवा कमरेत नव्याने सुरू झालेले, रात्रीही न थांबणारे दुखणे आठवड्याहून अधिक टिकले, तर सांगण्यात संकोच करू नये.

हाताच्या सुजेची पहिली चाहूल पुष्कळदा बांगड्या किंवा अंगठी घट्ट होण्यातून लागते. महिन्यातून एकदा मनगटाशी आणि कोपराच्या वर-खाली ठरावीक अंतरावर दोन्ही हातांचा घेर टेपने मोजून लिहून ठेवावा. दोन्ही हातांतला फरक आधीपेक्षा दोन सेंटीमीटरने वाढला, तर फिजिओथेरपिस्टला दाखवावे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयासारख्या मोठ्या केंद्रांत यासाठी स्वतंत्र विभाग असतो, पण तालुक्याच्या गावी परतलेल्या स्त्रीला अशी सोय क्वचितच मिळते. म्हणून घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर गोळ्यांच्या यादीबरोबर पहिल्या सहा महिन्यांचा व्यायामही लिहिलेला असावा, असे मला कळकळीने वाटते.

आजार इतरत्र पसरला असेल तर?

अशा स्त्रियांना व्यायामाविषयी कोणी काही सांगतच नाही, बहुधा भीतीपोटी. युरोपातील काही देश आणि ऑस्ट्रेलिया येथे स्तनाचा कर्करोग इतर अवयवांत पसरलेल्या ३५७ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी निम्म्यांना नऊ महिने, बराच काळ आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली व्यायाम दिला होता. त्यांचा थकवा कमी झाला आणि जगण्याची प्रत सुधारली. या अवस्थेत आजार हाडांत आहे का, कोणत्या हाडांत आणि ते किती कमकुवत झाले आहे, यावर सारे अवलंबून असते. मणक्यात आजार असेल तर वाकणे आणि पीळ देणे टाळतात, मांडीच्या हाडात असेल तर त्या पायावर भार टाकणारे व्यायाम टाळतात, आणि उरलेल्या शरीराला मात्र काम देतात. त्यामुळे कर्करोगतज्ज्ञांकडे जाताना हाडांच्या स्कॅनचा अहवाल सोबत न्यावा आणि कोणते व्यायाम टाळायचे हे विचारतानाच कोणते करता येतील, हेही लिहून मागावे.